पायांचं गाऱ्हाणं : वाचकांचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं

मागच्या अंकात गुडघ्यांवर लिहिलं आणि शेवटी म्हटलं होतं की पावलांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर इंदूरच्या रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगरपासून ते महू, देवासपर्यंत सगळीकडून पत्रं आणि मेसेज आलेत. जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य आहेच, "तसं काही विशेष नाही पण..." आणि पुढे वाचलं की कळतं बाई सहा महिन्यांपासून लंगडतायत. विशेष आहे हो! एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, अख्ख्या अंगाचं वजन दिवसभर त्यांच्यावर असतं, आणि तरी घरात कोणाचे पाय दुखले की आपण म्हणतो बाम लाव आणि झोप. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत. जिथे जास्त सांगण्यासारखं आहे तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न : डॉक्टर ताई, माझं वय ४६. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डाव्या टाचेत कोणी खिळा ठोकतंय असं वाटतं, भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जाते, मग हळूहळू बरं होतं. संध्याकाळी पोळ्या करताना परत सुरू. एक्सरे काढला तर टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन करून ते हाड काढावं लागेल का? फार भीती वाटते.
— एक गृहिणी, सुदामा नगर

उत्तर : ताई, आधी भीती काढून टाका. तुम्ही जे लिहिलंय, सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चालल्यावर कमी, खूप वेळ उभं राहिलं की परत, हे ऐकूनच निम्मं निदान होतं. याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो पावलाची कमान धरून ठेवतो. रोजच्या ताणाने तो टाचेपाशी दुखावतो, रात्रभर पाय सैल पडलेला असतो तेव्हा आखडतो, आणि सकाळी पूर्ण वजन पडलं की एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ.

आता ते वाढलेलं हाड. एक्सरेत ते दिसलं की पेशंट घाबरतोच, पण ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्सरेत तसंच हाड दिसतं, आणि ज्यांची भयंकर दुखते त्यांच्यात कधीकधी काहीच दिसत नाही. दुखणं त्या पट्ट्याचं आहे, हाडाचं नाही. त्यामुळे हाड कापायचा विचार डोक्यातून काढा.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे घरात अनवाणी फिरणं बंद. हे सांगितलं की आपल्या घरांत लगेच चेहरे बदलतात, चपला घरात नकोत ही आपली रीत आहे आणि ती मला समजते, पण पूर्वी शेणाने सारवलेली जमीन असायची, आता कोटा स्टोन, टाइल्स, ग्रॅनाइट, आणि त्यावर ओट्यासमोर रोज तीन तीन तास उभं राहणं, टाच सहन करणार किती? घरासाठी वेगळा मऊ सोलचा जोड घ्या, तो दाराबाहेर न्यायचाच नाही, देवघरापाशी काढून ठेवायचा. सासूबाईंनी विचारलं तर सांगा डॉक्टरने लिहून दिलंय, हा अंक दाखवा.

दुसरं, पलंगावरून उतरायच्या आधीचा व्यायाम. टॉवेल पावलाच्या चवड्यात अडकवायचा, गुडघा सरळ ठेवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची, पोटरीत ताण जाणवला पाहिजे, ३० सेकंद धरायचं, असं तीनदा. मग दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं हाताने मागे नडगीकडे वळवायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ लागतो हाताला, १० सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून तीनदा. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर भिंतीला हात लावून पोटरीचा ताणही द्या, एकदा गुडघा सरळ ठेवून एकदा थोडा वाकवून. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली बर्फ करून तिच्यावर पातळ फडकं गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटं फिरवा, फार बरं वाटतं (मधुमेह असेल तर बर्फाचा हा प्रकार नको). सकाळी रीजनल पार्कला फिरायला जात असाल तर एकदम बंद करू नका, निम्मं करा, बूट घालून जा.

आणि वेळ द्या. हे महत्त्वाचं आहे कारण बायका तीन आठवडे व्यायाम करतात, थोडं बरं वाटतं, सोडतात, परत दुखतं, मग इंजेक्शन द्या म्हणतात. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण वारंवार घेतलं तर तो पट्टा फाटू शकतो आणि टाचेखालची नैसर्गिक गादी झिजते, ती परत भरून येत नाही. बहुतेक लोक महिन्यांत, फारतर वर्षभरात, ऑपरेशनशिवाय बरे होतात.

पण यातलं काही असेल तर दाखवायला या: झोपेतसुद्धा टाच ठणकत असेल, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की जीव जात असेल (हाडाला बारीक तडा असू शकतो), बधिरपणा असेल, किंवा वय कमी आहे आणि दोन्ही टाचांबरोबर कंबरही सकाळी आखडते. शेवटचा प्रकार संधिवाताचा असू शकतो, त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

प्रश्न : मी भंवरकुआंला होस्टेलवर राहतो, कोचिंग आहे. पावसाळाभर बूट ओलेच होते. आता पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या मधे कातडी पांढरी पडून सोलली जाते, खाज खूप, वास पण येतो. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, तीन दिवसांत गेलं आणि थांबवली तर दुप्पट आलं.
— विद्यार्थी, २० वर्षं

उत्तर : या चिखल्या आहेत, बुरशीचा संसर्ग, आणि तुला मिळालेली ती ट्यूब बहुतेक मिक्स क्रीम असणार ज्यात स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली झटकन जाते म्हणून औषध फार भारी वाटतं, पण बुरशी मरत नाही, उलट आत आरामात पसरते, आणि पुढे साध्या औषधाला दाद देईनाशी होते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलं असेल तर फेकून दे. नुसतं टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल असलेलं क्रीम घे, पाय धुऊन अगदी कोरडे करून लाव, आणि दिसायला पूर्ण बरं झाल्यावरही एक दोन आठवडे लावत राहा. बहुतेक जण इथेच चुकतात, खाज गेली की ट्यूब कपाटात.

क्रीमपेक्षा कोरडेपणा मोठा. अंघोळीनंतर प्रत्येक बोटाच्या मधली जागा पुसायची, आणि पायाचा पंचा वेगळा ठेवायचा नाहीतर हीच बुरशी जांघेत जाते आणि मग गजकर्ण म्हणून अजून एक प्रकरण सुरू. पाय बरे होईपर्यंत आधी मोजे घालायचे मग चड्डी, ऐकायला विचित्र वाटेल पण कारण हेच. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापर, एक दिवस घातला तर दुसऱ्या दिवशी त्याला ऊन दे. मोजे रोज धुतलेले, सुती. होस्टेलच्या बाथरूममधे स्लीपर घालूनच जायचं. दोन जोड परवडत नसतील तर कोचिंगला सरळ सँडल घालून जा, बोटांना हवा लागेल.

लाली पावलावरून वर चढायला लागली, पाय गरम आणि सुजलेला वाटला, ताप आला, तर क्रीमच्या भरवशावर राहू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. फटीतून जीवाणू आत शिरलेले असतात तेव्हा.

प्रश्न : डॉक्टर, मी ६८ वर्षांचा, रिटायर्ड. शुगर १४ वर्षांपासून. पायाचं तसं काही दुखणं नाही, फक्त जमिनीवर कापूस पसरलाय त्यावर चालतोय असं वाटतं आणि मागच्या महिन्यात चप्पल पायातून निघून गेली ते मला घरी आल्यावर कळलं. नातवाची नोकरी लागली म्हणून खजराना गणपतीला घरून अनवाणी जायचा नवस बोललोय, पाच बुधवार. बायको म्हणते पत्र लिहून विचारा मग जा. दुखत नाही तर हरकत नसावी ना?
— एक आजोबा, लोकमान्य नगर

उत्तर : आजोबा, काकूंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी फार मोठं काम केलं. आणि मी हात जोडून सांगते, अनवाणी जाऊ नका.

दुखत नाही म्हणून तुम्हाला सगळं ठीक वाटतंय, आणि माझी सगळी काळजी त्या न दुखण्याचीच आहे. वर ज्या ताईंची टाच दुखते त्यांच्या पायाला मी कमी घाबरते, कारण तो पाय बोलतोय. तुमच्या पायाने बोलणं बंद केलंय. इतक्या वर्षांच्या शुगरने पायाच्या बारीक नसा खराब होतात, म्हणून ते कापसावर चालल्यासारखं, म्हणून चप्पल गेली ते कळलं नाही. अशा पायात काच घुसली, चटका बसला, चपलेचा खिळा वर आला, तरी माणूस चालत राहतो. जखम मोठी होते, तिच्यात पू होतो, आणि शुगर जास्त असल्यामुळे व रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती भरत नाही. मग एक दिवस मोज्याला डाग दिसतो किंवा घरात वास येतो तेव्हा धावपळ. बोट, पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय कापावा लागतो, त्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एका न कळलेल्या छोट्या जखमेपासून झालेली असते. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२३ मधे प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात देशात १० कोटींच्या वर मधुमेही असल्याचा अंदाज दिलाय, म्हणजे हे फक्त तुमच्यासाठी लिहीत नाहीये मी, हे पत्र वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी आहे.

नवसाचं सांगते. देवाला जायचंय तर जरूर जा, पण गाडीने जा, चांगले बूट मोजे घालून जा, आणि मंदिरात आत शिरताना जाड स्वच्छ सुती मोजे पायात राहू द्या. दुपारी जाऊ नका, चैत्र वैशाखात तर नाहीच, देवळाच्या फरशीवर तळवे भाजून फोड आलेले मधुमेही दरवर्षी दवाखान्यात येतात आणि त्यांनाही चटका कळलेला नसतो. पाच बुधवार आहेत ना, पाच बुधवार सकाळी लवकर जा, दूर्वा वाहा, घरी येऊन दोन्ही तळवे बघा. तुमचे पाय शाबूत राहावेत असंच गणपतीला वाटेल, यात मला तरी शंका नाही. ओळखीतले कोणी मधुमेही नर्मदा परिक्रमेला निघत असतील तर त्यांनाही हेच सांगा, परिक्रमा बूट घालूनही होते.

आता काय करायचं. याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन पायाची संवेदना तपासून घ्या, एक नायलॉनचा बारीक धागा असतो १० ग्रॅमचा, तो तळव्याला टेकवतात आणि कळतंय का विचारतात, मग कंप पावणारा चिमटा घोट्यापाशी आणि अंगठ्याला लावून बघतात, आणि पावलावरच्या नाड्या चाचपतात. दुखत काहीच नाही, दहा मिनिटांचं काम. प्रत्येक मधुमेहीने हे वर्षातून एकदा तरी करायचं असतं आणि तुमच्यासारखे पाय असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. शुगर तपासतात, डोळे तपासतात, पण बूट काढा असं म्हणणारा डॉक्टर मिळाला नाही तर तुम्हीच बूट काढून पाय समोर ठेवा, लाजू नका.

घरी रोज रात्री दोन्ही पाय उजेडात बघायचे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर नातवाला सांगा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवायला. फोड, चीर, लाली, रंग बदललेली जागा, बोटांच्या मधली ओल, काहीही नवीन दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघायचं. गरम पाण्याची पिशवी आणि थंडीत शेगडीपाशी पाय शेकणं पूर्ण बंद, इंदूरची डिसेंबरची थंडी बोचते हे मान्य पण मोजे घालून झोपा. बूट घालायच्या आधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. घरात सुद्धा चप्पल, मागे पट्टा असलेली, म्हणजे निसटणार नाही. एमसीआरची चप्पल म्हणून मिळते, आतली गादी मऊ असते, खालचा सोल कडक, तुमच्यासारख्या पायांसाठीच ती असते. पाय कोरडे पडत असतील तर क्रीम लावा पण बोटांच्या मधे नाही.

आणि एक गोष्ट काकूंना खास सांगा. तुमचं एक पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा गरम लागलं आणि दुखत मात्र फारसं नाही, तर मुरगळला असेल म्हणून घरी बसू नका. शार्को नावाचा प्रकार असतो, आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो, पाऊल कायमचं वेडंवाकडं होतं. सुरुवातीलाच प्लॅस्टर घालून वजन काढलं तर वाचतं.

प्रश्न : आईच्या तळपायांची रात्री आग होते, पांघरुणाबाहेर पाय काढून झोपते. शुगरची गोळी चालू आहे, पण शुगर कंट्रोलमधे आहे. काशाची वाटी घासून बघितली, तात्पुरतं बरं वाटतं.
— मुलगी, महू

उत्तर : काशाची वाटी घासू द्या, तूप लावून घासलेली चांगली वाटते आणि कातडी सोललेली नसेल तर नुकसान नाही. पण मला गोळीचं नाव विचारायचंय. मेटफॉर्मिन असेल आणि अनेक वर्षांपासून चालू असेल तर शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आई शाकाहारी असतील तर आधीच बी-१२ कमी मिळत असतं, म्हणजे दोन्हीकडून. बी-१२ कमी पडलं की तळव्यांची आग, मुंग्या, चालताना तोल जाणं असं होतं. रक्ताची साधी तपासणी आहे, बरोबर थायरॉइड आणि किडनीची पण करून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून निघतं, पण उशीर केला तर नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मेटफॉर्मिन मनाने बंद करायचं नाही, हेही सांगून ठेवते.

प्रश्न : एमटी क्लॉथ मार्केटमधे साड्यांच्या दुकानात काम करते, दिवसभर उभी. करंगळीवर आणि चवड्याखाली कुरूप झालंय. दर रविवारी ब्लेडने कापते, परत येतं. कुरूपाची पट्टी लावू का?
— ३४ वर्षं, रामबाग

उत्तर : ब्लेड आजच्या आज बंद, प्लीज. कुरूप कापून जात नाही कारण ते येतं दाबामुळे. जिथे चप्पल घासते किंवा हाडाचा दाब पडतो तिथे कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, वरचा थर कापला तरी दाब तसाच आहे, ती परत जाड होणार. म्हणून आधी पादत्राण बघा. करंगळीवर आहे म्हणजे पुढून अरुंद काहीतरी घालताय. पुढून रुंद आणि सपाट घ्या, चवड्याखाली मऊ पॅड टाका. रात्री कोमट पाण्यात १० मिनिटं पाय ठेवून वज्रीने हलक्या हाताने घासा, मग क्रीम. काही आठवड्यांत फरक पडतो.

पट्टीत सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते जाड कातडी विरघळवतं, पण बाजूची चांगली कातडीही खातं, म्हणून फक्त कुरूपापुरती लावायची. मधुमेह असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर पट्टी अजिबात नाही, तिच्यामुळे झालेली जखम मी बघितलेली आहे.

आणि चवड्याखालचं ते नक्की कुरूपच आहे ना, बघा. वरून सरळ दाबलं की जास्त दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की जास्त दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती बहुतेक चामखीळ. चामखीळ विषाणूमुळे होते, कापाल तर पसरेल.

प्रश्न : टाचांना एवढ्या भेगा की साडीचा काठ अडकतो, रक्त पण येतं. कोकणातल्या वहिनीने कोकमाचं तेल पाठवलंय, लावू का?
— सेवानिवृत्त शिक्षिका, स्नेहलतागंज

उत्तर : लावा, बाई. कोकमतेल घट्ट असतं, कातडीतला ओलावा धरून ठेवतं, आपल्या आज्या लावत होत्या त्यात तथ्य आहे. फक्त कोरड्या टाचेवर लावून उपयोग कमी. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, वज्री फिरवा पण रक्त येत असलेल्या भेगेवर नाही, हलकंसं पुसा आणि ओलसर असतानाच लावा, वरून सुती मोजे. फार जाड कातडी असेल तर मेडिकलमधे युरियाचं क्रीम मिळतं, १० ते २५ टक्क्यांचं, ते जाड थर मऊ करतं, ताज्या चिरेला झोंबतं म्हणून चिरा भरल्यावर सुरू करा. मागून उघड्या चपलांत टाच पसरते आणि फाटते, हिवाळाभर मागून बंद पादत्राण घाला. आणि भेगांबरोबर खाज असेल, एकाच पायाला असेल, किंवा तळव्यावर कोंड्यासारखी पांढरी कातडी असेल तर बुरशी किंवा सोरायसिसही असू शकतो, तेव्हा तेलाने भागणार नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, ओल्या पायाचा ठसा पूर्ण सपाट उमटतो. दुकानदार म्हणतो स्पेशल बूट घ्या, नाहीतर मोठेपणी पोलीस आर्मीत घेणार नाहीत.

उत्तर : चार वर्षांच्या वयात पुष्कळ मुलांचे पाय सपाटच दिसतात, कमान हळूहळू बनते, सात आठ वर्षांपर्यंत वाट बघता येते. त्याला चवड्यांवर उभं करा, मागून बघा, कमान उमटली तर पाय लवचिक आहे, काही करायचं नाही. स्पेशल बुटाने कमान तयार होत नाही, पैसे वाचवा. बागेत गवतावर, वाळूत अनवाणी खेळू द्या, लहान मुलाला ते चांगलंच आहे. पाय दुखतो म्हणून खेळणं सोडत असेल, पाऊल कडक असेल किंवा एकच पाय सपाट असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला गेलो, गर्दीत फुटपाथवरून पाय मुरगळला. मित्र म्हणतात पहलवानाकडे चल, एका झटक्यात बसवतो. सूज आहे, काळंनिळं झालंय.

उत्तर : झटका नको, भाऊ. घोट्याचे तंतू ताणले किंवा फाटले असतील तर झटक्याने आणखी फाटतील, आणि हाडाला तडा असेल तर तो सरकेल. पहलवान लोकांचा हात चांगला असेल, पण त्यांच्याकडे एक्सरे नाही. साधी कसोटी सांगते, मुरगळल्याबरोबर आणि आता सुद्धा चार पावलं टाकता येतात का? लंगडत चाललात तरी चालेल. टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेला, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध जे हाड लागतं त्यावर, किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे असलेल्या हाडावर दाबून दुखत असेल तर एक्सरे काढायचा. यातलं काही नसेल तर पहिले दोन तीन दिवस फडक्यातून बर्फ १५ मिनिटं दिवसातून चार पाच वेळा, क्रेप बँडेज, पाय उशीवर. या दिवसांत मालिश, शेक, गरम तेल काही नाही, सूज वाढते. मग हळूहळू घोटा हलवायला लागा, आणि दुखणं कमी झाल्यावर एका पायावर तोल सांभाळून उभं राहायचा सराव करा, ओट्याला धरून सुरू करायचं. तो सराव न करणाऱ्यांचाच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

प्रश्न : अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतून पिकतं. आणि बूट कधी, कसे घ्यावेत?
— दोन वेगवेगळ्या वाचकांचे प्रश्न

उत्तर : एकत्र घेतले कारण उत्तर जोडलेलं आहे. नख सरळ कापायचं, कोपरे गोल करून आत खोदायचे नाहीत, बोटाच्या टोकाच्या बरोबरीने ठेवायचं. कोपरा खोदला की उरलेलं टोक मांसात घुसतं आणि वरून अरुंद बूट त्याला ढकलतो. पू आला असेल तर घरी कातरी चालवू नका, डॉक्टर जागा बधिर करून नखाची बाजू काढतात, छोटं काम आहे. जाड, पिवळं, भुगा होणारं नख असेल तर ती बुरशी, तपासणी करून गोळ्या घ्याव्या लागतात आणि धीर धरावा लागतो, अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष दीड वर्ष लागतं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर आलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचा नंबर घ्या. उभं राहून बघा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही, कितीतरी जणांचं दुसरं बोट लांब असतं. बूट मधोमध वाकवून बघा, मधे दुमडला तर नको, बोटांपाशी वाकला पाहिजे. "वापरून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तर परत ठेवा. दुकानात दहा पावलं चाला, लाज वाटून घेऊ नका. आणि मुलांचे शाळेचे बूट पुढच्या वर्षी येतील म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, टाच आत सरकते, फोड येतात आणि धावताना पाय मुरगळतो, दर तीन चार महिन्यांनी पुढची जागा बोटाने दाबून बघितली की कळतं बदलायचे आहेत का.